सगळं छान चाललंय, मग भीती कसली?

घरातली माणसं धडधाकट आहेत, काम मनासारखं चाललंय, बऱ्याच दिवसांत कुठून वाईट बातमी आलेली नाही. अशा वेळी निवांत वाटायला हवं. पण पुष्कळांच्या मनात नेमका तेव्हाच प्रश्न डोकावतो, ‘इतकं सुरळीत चाललंय, आता पुढे काय वाढून ठेवलंय कुणास ठाऊक!’ मग चांगली बातमी चारचौघांत सांगवत नाही. कुणी विचारलंच तर ‘चाललंय आपलं’ म्हणून विषय बदलला जातो. मूल खिदळत असलं तरी मोठ्यांच्या तोंडून निघून जातं, ‘फार हसू नकोस, मग रडावं लागेल.’

ही भीती एखाद्या हळव्या माणसापुरती नाही. मोहसेन जोशनलू आणि डॅन वायजर्स या अभ्यासकांनी २०१४ मध्ये निरनिराळ्या संस्कृतींमध्ये आनंदाकडे संशयाने का पाहिलं जातं याचा आढावा घेतला. सापडलेल्या मुख्य कारणांपैकी एक होतं, आनंदी राहिलं की वाईट ओढवतं ही समजूत. पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या, दोन्ही समाजांत ती दिसते. एवढी सगळीकडे पसरलेली समजूत नुसती ‘खुळी’ म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही. तिच्यामागे माणसांनी खरोखर पाहिलेलं काहीतरी आहे. फक्त जे पाहिलं, त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला.

एका भीतीत दोन भीती

पहिली भीती अशी की, मी आनंद केला, बोलून दाखवला, कुणी कौतुक केलं, म्हणून आता वाईट घडेल. दुसरी अशी की, जे आज आहे ते कधीतरी जाईल.

दुसऱ्या भीतीत तथ्य आहे. तब्येत, नोकरी, माणसं, काहीच कायमचं नसतं. पहिलीत मात्र तथ्य नाही, कारण तुमच्या आनंदाचा हिशेब ठेवून नंतर वसुली करणारी कुठलीही यंत्रणा जगात नाही. गोंधळ होतो तो दोन्ही भीती एकमेकींत मिसळल्यामुळे. दुसरीचं खरेपण पहिलीला उसनं मिळतं, आणि ‘जाणार आहे’ हे साधं वास्तव ‘मी सुखात आहे म्हणून जाणार आहे’ असं वाटायला लागतं.

फासा मागचं लक्षात ठेवत नाही

फासा टाकला आणि सलग तीनदा सहा पडले. चौथ्यांदा सहा पडण्याची शक्यता किती? पहिल्या वेळी होती तेवढीच, सहात एक. फाशाला मागचे तीन सहा माहीत नसतात.

हे कागदावर पटतं, पण प्रत्यक्षात पचत नाही. १८ ऑगस्ट १९१३ रोजी मॉन्टे कार्लोच्या जुगारघरात रुलेटच्या, म्हणजे लाल-काळे खाने असलेल्या जुगाराच्या चक्रावर गोळी सलग २६ वेळा काळ्या खान्यात पडली. जसजसा काळा येत गेला तसतसे लोक लालवर जास्त पैसे लावत गेले. इतक्यांदा काळा आला म्हणजे आता लाल यायलाच हवा, असा त्यांचा हिशेब होता. त्या संध्याकाळी तिथे प्रचंड पैसा बुडाला.

‘खूप दिवस चांगलं चाललंय, आता पाळी वाईटाची’ हा विचार अगदी त्याच जातीचा आहे. शिवाय आयुष्य फाशासारखं निव्वळ योगायोगावर चालत नाही. प्रकृती चांगली असते तिला कारणं असतात, संसार नीट चालतो त्यालाही असतात. ती कारणं आज होती तशीच उद्याही असतात. त्यामुळे पुष्कळ बाबतींत आजचं चांगलं हे उद्याच्या चांगल्याचं लक्षण असतं. भीती नेमकं याच्या उलट सांगते.

‘पण चांगल्यानंतर वाईट आलेलं मी स्वतः पाहिलंय’

हा आक्षेप सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि तो खराही आहे. पाहिलं असणारच. का, ते समजून घेण्यासारखं आहे.

पुन्हा फासा घेऊ. तुम्हाला सहा पडला. पुढच्या वेळी सहापेक्षा कमी पडण्याची शक्यता किती? सहात पाच. म्हणजे फाशाला काहीही आठवत नसताना, कुणाचीही वाईट नजर नसताना, सर्वोत्तम दानानंतरचं दान बहुतेक वेळा त्याहून खालचंच असतं. घसरणीला कारण लागत नाही. आपण शिखरावर होतो, आणि शिखराच्या वर जागा कमी आणि खाली जास्त असते, एवढंच.

संख्याशास्त्रात याला ‘सरासरीकडे परतणं’ म्हणतात. ज्या गोष्टीत थोडा गुण आणि थोडा योगायोग मिसळलेला असतो, तिथे असामान्य कामगिरीनंतरची कामगिरी सहसा नेहमीच्या पातळीच्या जवळ येते. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीची मापं घेऊन हे मांडलं. फार उंच आईवडिलांची मुलं उंच असतात, पण सरासरीने पाहिलं तर त्यांच्याइतकी उंच नसतात. फार बुटक्या आईवडिलांची मुलं त्यांच्याहून थोडी उंच निघतात. यात कुणाला शिक्षा नाही आणि कुणाला बक्षीसही नाही.

आता यात माणसाचं कौतुक मिसळून पाहा. आपण कौतुक कधी करतो? गोष्ट नेहमीपेक्षा चांगली झाली की. म्हणजे कौतुकाची वेळ हीच शिखराची वेळ, आणि शिखरानंतर बहुधा उतरण असते. त्यामुळे ‘कौतुक केलं आणि बिघडलं’ हा अनुभव वारंवार येणारच.

डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञाला हे उमगलं ते इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांना शिकवताना. शिकाऊ वैमानिकाचं कौतुक केलं तर पुढच्या वेळी सुधारणा जास्त होते, असं कानेमन सांगत होते. एक अनुभवी प्रशिक्षक उठून म्हणाला की आपला अनुभव उलटा आहे. उत्तम कसरतीबद्दल शाबासकी दिली की पुढची कसरत बिघडते, आणि वाईट कसरतीबद्दल झापलं की पुढची सुधारते. त्याने पाहिलेलं खोटं नव्हतं. पण उत्तम कसरतीनंतरची कसरत शाबासकी न देताही उतरलीच असती, आणि वाईटानंतरची न झापताही सुधारली असती.

‘दृष्ट लागली’ असं माणसं म्हणतात तेव्हा बहुतेकदा घडलेलं असतं ते हेच, असं माझं मत आहे. उतरण खरी होती. तिचं खापर मात्र भलत्याच गोष्टीवर फुटलं.

तोडगा लागू पडतो तो असा

आता उलट बाजू. फाशावर एक पडला. याहून वाईट दान नाही. घाबरून तुम्ही काहीतरी उपाय केला, कोणताही. पुढच्या वेळी एकापेक्षा मोठा आकडा पडण्याची शक्यता पुन्हा सहात पाच. म्हणजे तो उपाय सहातून पाच वेळा ‘लागू पडला’ असं दिसणार. तोडगे नेहमी वाईट काळात केले जातात, आणि वाईट काळ आपसूक थोडा निवळतोच. मग तोडग्याची कीर्ती वाढत जाते. ज्या वेळी गुण येत नाही, त्या वेळी ‘आपलंच काहीतरी चुकलं असेल’ म्हणून मन मोकळं होतं. अशा रीतीने तोडगा कधीच खोटा ठरत नाही.

प्राण्यांमध्येही याच्या जवळचं काही दिसतं. १९४८ मध्ये बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने दाणे मिळतील अशी सोय केली. कबुतर काय करतंय याचा दाण्यांशी काडीचाही संबंध नव्हता. तरी बहुतेक कबुतरांना चमत्कारिक सवयी जडल्या. एक गोल गोल फिरू लागलं, एक पिंजऱ्याच्या कोपऱ्याकडे मान झटकत राहिलं. दाणे येण्याच्या क्षणी जी हालचाल चालू होती तीच त्यांनी धरून ठेवली, असं स्किनर यांचं म्हणणं. नंतरच्या संशोधकांनी त्या हालचालींचा वेगळा अर्थही लावला आहे. पण माणसाच्या बाबतीत कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली की आपण कावळ्यालाच धरतो, हे कुणी नाकारणार नाही.

शिकलेल्या माणसालाही हे का सुटत नाही?

जेन रायझन आणि थॉमस गिलोविच यांनी २००८ मध्ये नशिबाला डिवचण्याच्या भीतीवर प्रयोग केले. त्यातल्या एका गोष्टीत एका विद्यार्थ्याने नामांकित विद्यापीठात अर्ज केलेला असतो आणि निकाल येण्याआधीच आई त्याला त्या विद्यापीठाचा टी-शर्ट पाठवते. काही वाचकांना सांगितलं की त्याने तो घातला, काहींना सांगितलं की ठेवून दिला. टी-शर्ट घातला असं वाचणाऱ्यांना त्याचा प्रवेश हुकण्याची शक्यता जास्त वाटली. अंधश्रद्धेवर आपला विश्वास नाही असं सांगणारी माणसंही अशा प्रयोगांत याच बाजूला झुकली.

याचं कारण त्यांच्या स्पष्टीकरणानुसार साधं आहे. फजितीचं चित्र मनात चटकन उभं राहतं, आणि जे चटकन सुचतं ते जास्त शक्य वाटतं. टी-शर्ट घालून फिरणाऱ्याला नकार मिळाला तर किती लाजिरवाणं, हे चित्र ठळक असतं म्हणून ते घडणार असं वाटतं.

म्हणून ‘आता वाईट होणार’ हा विचार मनात आला तर स्वतःला मागासलेलं समजायचं कारण नाही. विचार येणारच. आपल्या हातात असतं ते पुढचं, त्या विचाराला भविष्यवाणी मानायचं की मनाची जुनी खोड मानून जाऊ द्यायचं. त्याच्याशी भांडायचीही गरज नाही.

आणखी एक प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०१४ मध्ये यान झांग, रायझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की लाकडावर टकटक करण्यासारखी, स्वतःपासून दूर ढकलणारी कृती केल्यावर लोकांना अनिष्टाची शक्यता कमी वाटते. म्हणजे अशा कृतीने मन खरोखर शांत होऊ शकतं. परिणाम होतो तो मनावर, घटनेवर होत नाही. घरातलं कुणी वडीलधारं मनाच्या समाधानासाठी असं काही करत असेल, तर त्यांच्याशी वाद घालून त्यांचं मन दुखवावं असं मला वाटत नाही. पण त्यासाठी पैसा जाऊ लागला, औषधोपचार लांबू लागले, किंवा एखाद्या माणसावर ‘अपशकुनी’ असा शिक्का बसू लागला, तर तिथे गप्प बसू नये. ‘याची नजर वाईट’ या एका वाक्याने माणसं आयुष्यातून उठली आहेत.

‘आधीच मन घट्ट केलं तर धक्का कमी बसेल ना?’

फार आनंद केला नाही तर पडताना कमी लागेल, हा युक्तिवाद अंधश्रद्धेचा नाही, म्हणून त्याला वेगळं उत्तर हवं. मिशेल न्यूमन आणि सँड्रा लेरा यांनी २०११ मध्ये मांडलं की अति चिंता करणारी माणसं नेमकं हेच करत असतात. आनंदातून एकदम दुःखात कोसळणं त्यांना असह्य वाटतं, म्हणून ती मुळात वर चढतच नाहीत. कायम थोडं उदास राहायचं, म्हणजे दरी खोल वाटायला नको.

हे विम्याचा हप्ता भरण्यासारखं वाटतं. रोज थोडी काळजी भरायची, म्हणजे वेळ आली की भरपाई मिळेल. पण या हप्त्यामागे पॉलिसीच नाही. काळजी करून आजार टळत नाही, अपघात टळत नाही, आणि बहुतेक वेळा ज्याची काळजी केली ते घडतही नाही. ल्युकास लाफ्रेनियर आणि न्यूमन यांनी २०२० मध्ये चिंताविकार असलेल्या २९ जणांना आपल्या काळज्या लिहून ठेवायला सांगितल्या आणि पुढे काय झालं ते तपासलं. त्यांची सुमारे ९१ टक्के भाकितं खरी ठरली नाहीत. अभ्यास लहान आहे, पण ज्यांच्यावर झाला ती काळजी करण्यात सगळ्यांच्या पुढे असलेली माणसं होती.

या युक्तिवादात तथ्याचा एक अंश आहे. केट स्वीनी आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात वकिलीच्या परीक्षेच्या निकालाची वाट पाहणाऱ्या उमेदवारांचा अभ्यास केला. जे वाट पाहताना जास्त अस्वस्थ आणि निराशावादी होते, त्यांनी वाईट निकाल अधिक नीट पचवला. म्हणजे निकालाची तारीख ठरलेली असेल, प्रश्न नेमका असेल, तर मनाची तयारी उपयोगी पडते. तपासणीचा अहवाल परवा येणार असेल तर दोन्ही शक्यतांचा विचार जरूर करावा. पण ज्या संकटाला नाव नाही, तारीख नाही, त्याची तयारी कधी संपायची? ती आयुष्यभर चालते, आणि चांगले दिवस त्या तयारीतच निघून जातात.

मग बेसावध राहायचं का?

सामोस बेटाचा राजा पॉलिक्रेटीस याची प्राचीन ग्रीक हकिकत इथे आठवते. त्याचं सगळंच यशस्वी होत होतं, म्हणून मित्र असलेल्या इजिप्तच्या राजाने त्याला बजावलं, इतकं सुदैव बरं नाही, सगळ्यात आवडती वस्तू टाकून दे. पॉलिक्रेटीसने आपली मौल्यवान अंगठी समुद्रात फेकली. काही दिवसांनी एका कोळ्याने भेट दिलेल्या माशाच्या पोटातून ती परत आली, आणि हा माणूस वाईट मरणार असं ठरवून त्या मित्राने संबंध तोडले. पुढे इसवी सनपूर्व ५२२ च्या सुमारास पॉलिक्रेटीस खरोखर मारला गेला.

ही हकिकत सुदैवाची शिक्षा म्हणून सांगितली जाते. पण तो मेला कसा ते पाहा. ओरोइटीस नावाच्या पर्शियन सुभेदाराने खजिन्याचं आमिष दाखवलं. दगडांनी भरलेल्या आणि वरून सोन्याचा थर दिलेल्या पेट्या पाहून पॉलिक्रेटीसचा दूत फसला, आणि जिवलगांनी अडवूनही राजा शत्रूच्या घरी गेला. अंगठी फेकण्याऐवजी त्या पेट्या कुणी तळापर्यंत उपसून पाहिल्या असत्या तर तो कदाचित वाचला असता.

काळजी आणि सावधगिरी यांतला फरक हाच. भीती वाटली की स्वतःला विचारावं, यातून आज करण्यासारखं काही निघतंय का? निघत असेल तर ते करावं. तपासणी करून घ्यावी, थोडी रक्कम बाजूला टाकावी, कागदपत्रं एकत्र ठेवावीत. ते झालं की त्या भीतीचं काम संपलं. करण्यासारखं काहीच निघत नसेल, तर ती भीती तुम्हाला काही सांगत नाहीये.

‘इतरांना नाही, मग मलाच का?’

काहींना सुख बोचतं ते संकोचामुळे. आजूबाजूला इतकी माणसं होरपळत असताना आपण आनंदात कसं राहायचं? ही भावना मला मोलाची वाटते, ती मारून टाकू नये. पण आपण आनंद नाकारला म्हणून तो दुसऱ्याच्या वाट्याला जात नाही. जातो तो आपला वेळ, पैसा, मदतीचा हात. आपल्याला मिळालेल्यात नशिबाचा वाटा मोठा आहे हे मोकळेपणाने मान्य केलं, तर तो हात पुढे करणं सोपं जातं.

आनंद घ्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

चांगल्या गोष्टीची सवय होऊन जाते, ही इथली खरी अडचण. १९७८ मध्ये फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेली माणसं इतरांपेक्षा फारशी सुखी नसतात असं मांडलं आणि ते फार गाजलं. पण तो अभ्यास अवघ्या २२ विजेत्यांचा होता. २०२० मध्ये स्वीडनमधल्या खूप मोठ्या संख्येच्या विजेत्यांवर झालेल्या अभ्यासात, मोठं बक्षीस मिळालेल्यांचं आयुष्याविषयीचं समाधान दहा वर्षांनंतरही वाढलेलं दिसलं. तेव्हा ‘कितीही मिळालं तरी माणूस होता तिथेच येतो’ हे सरसकट खरं नाही. सवय होते, पण सगळं विरून जात नाही.

ती सवय मोडायचा एक मार्ग फार सुंदर आहे. मिंक्युंग कू आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये लोकांना आयुष्यातल्या एखाद्या चांगल्या घटनेबद्दल लिहायला सांगितलं. काहींनी ती कशी घडली ते लिहिलं. काहींनी ती घडलीच नसती तर कसं झालं असतं ते लिहिलं, जोडीदाराची भेट त्या दिवशी चुकली असती तर वगैरे. दुसऱ्या प्रकारे लिहिणाऱ्यांना जास्त बरं वाटलं. वरवर हेही अभद्र चिंतनासारखं दिसतं, पण दिशा वेगळी आहे. ‘हे गेलं तर?’ हा प्रश्न पुढे पाहतो आणि त्याला उत्तर नसतं. ‘हे झालंच नसतं तर?’ हा मागे पाहतो, आणि त्याचं उत्तर समोर उभं असतं. ते झालेलं आहे.

दुसरा मार्ग सांगण्याचा. शेली गेबल यांच्या २००४ च्या अभ्यासांत दिसलं की चांगली घटना दुसऱ्याला सांगितली की सांगण्याचा आनंद घटनेच्या आनंदावर आणखी चढतो, विशेषतः ऐकणाऱ्याने मनापासून दाद दिली तर. लपवून ठेवल्याने ही भर हुकते. हेवा करणारी माणसं असतात, हे खरं. त्यांच्याजवळ बोलू नये, कारण त्यांच्या वागण्याचा त्रास होऊ शकतो. एखादा नुकत्याच आलेल्या दुःखात असेल तर त्याच्यासमोरही गप्प राहावं. पण ज्यांना तुमच्या बातमीने आनंद होईल त्यांच्यापासून ती लपवण्यात काय राखलं जातं?

ज्यांनी एकदा अचानक सर्वस्व गमावलं आहे त्यांना मात्र एवढ्याने भागणार नाही. त्यांची भीती युक्तिवादातून आलेली नसते, अनुभवातून आलेली असते. झोप उडत असेल, भयंकर चित्रं सारखी डोळ्यांसमोर येत असतील, एकच कृती पुन्हा पुन्हा केल्याशिवाय चैन पडत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. यावर उपचार आहेत.

‘शेवटी जाणारच आहे, त्याचं काय?’

कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं की जेवढं मिळाल्याचा आनंद होतो, त्यापेक्षा तेवढंच गमावल्याचं दुःख जास्त वाटतं. त्यांच्या पुढच्या मोजमापात ते साधारण दुप्पट भरलं. म्हणून जे आहे ते जाण्याची कल्पना इतकी टोचते. पण ही कल्पना दुःखाचा मुक्काम वाढवून दाखवते. डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये विद्यापीठात कायम नोकरी मिळेल की नाही या टप्प्यावरच्या प्राध्यापकांना विचारलं, तेव्हा नकार मिळाला तर पुढची काही वर्षं फार वाईट जातील असं त्यांना वाटत होतं. पूर्वी असा नकार मिळालेले लोक प्रत्यक्षात नोकरी मिळालेल्यांइतकेच समाधानी आढळले.

जिवलगाच्या मृत्यूला हे जसंच्या तसं लावता येणार नाही. ते दुःख दीर्घ असतं, आणि त्याची आगाऊ तयारी काळजीने होत नाही. त्यात माणसाला धरून ठेवतात ती भोवतीची माणसं. बार्बरा फ्रेडरिक्सन यांनी १९९८ पासून मांडलेला विचार असा आहे की आनंदाच्या काळात माणसाचं मन मोकळं होतं, तो इतरांत मिसळतो, नवं शिकतो, नाती जोडतो, आणि हे सगळं आनंद ओसरल्यावरही शिल्लक राहतं. ‘काहीतरी होईल’ म्हणून चांगल्या दिवसांत स्वतःला मिटून घेणारा माणूस नेमकी हीच नाती जोडायची वेळ घालवून बसतो.